जामीन आहे, जामीनदार नाही!

आपल्या मराठी घरांत तुरुंगाची ओळख होते ती पुस्तकांच्या कपाटातून. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात. विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्याच गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्यामुळे तुरुंग म्हटला की आपल्यापुढे एक कोठडी उभी राहते, उंचावरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आलेली आहे आणि कोणी थोर पुरुष मांडी घालून लिहीत बसला आहे! आज आपल्या बहुतेक मध्यवर्ती कारागृहांत कोणाला ग्रंथ लिहायची स्फूर्ती झालीच, तर त्याला आधी मांडी घालण्यापुरती जागा शोधावी लागेल.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी छत्तीस वर्षे फौजदारी वकिली केली. शेवटची बारा वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर होतो. म्हणजे ज्याला वकील लावण्याची ऐपत नाही त्याचे काम सरकारी मानधनावर पाहायचे. त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा कारागृहात जाणे होई. रात्री बराकीत कैदी एका कुशीवर ओळीने झोपतात, हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्या कैद्याने सांगितले. पाठ टेकून झोपावे इतकी जागाच प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. मध्यरात्री एकाने कूस बदलली की साऱ्या रांगेला बदलावी लागते. “आमच्यात भांडणं होतात ती कुशीवरनंच,” असे तो हसत म्हणाला होता. शौचालयाची रांग, पाण्याची रांग, भेटीची रांग यांचे वर्णन दिवाळीच्या फराळाच्या वेळी करीत नाही. वाचकांनी कल्पना करावी.

ही गर्दी पाहून बाहेरचा सज्जन माणूस दोन गोष्टी बोलतो. एक, “गुन्हे फार वाढले हो!” आणि दुसरी, “सरकारने आणखी तुरुंग बांधावेत.” दोन्ही वाक्ये मी कोर्टाच्या बाररूममध्ये, आगगाडीत आणि माझ्या स्वतःच्या दिवाणखान्यात शेकडो वेळा ऐकली आहेत. दोन्हींचे उत्तर एका आकड्यात आहे, म्हणून एकदाच आकडे देतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस भारतातल्या सर्व तुरुंगांत मिळून जागा होती ४,३६,२६६ माणसांची, आणि माणसे होती ५,७३,२२०. या माणसांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्यावर खटला चालू आहे किंवा चालायचा आहे, पण ज्याला अजून कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही तो. आता जरा वजाबाकी करून पाहा. देशातले सगळे तुरुंग केवळ कच्च्या कैद्यांनीच भरले आणि उरल्या किती जागा? १,९६४! ज्यांच्यासाठी तुरुंग बांधले असे आपण समजतो ते शिक्षा झालेले पक्के कैदी त्या वर्षी १,३३,४१५ होते. त्यांनी कुठे झोपावे?

तेव्हा तुरुंग गुन्हेगारांनी भरलेले नाहीत. ते वाट पाहणाऱ्यांनी भरलेले आहेत. त्यांतले काही दोषी ठरतील, काही सुटतील. भयंकर गुन्ह्याचे आरोपीही त्यांत आहेत, आणि त्यांना मोकळे सोडा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मी बोलतो आहे ते त्या इतर पुष्कळांबद्दल, ज्यांना न्यायालयाने जामीन देऊनही जे आतच असतात.

देऊनही? होय. इथेच सर्वसामान्य वाचकाची फसगत होते. वर्तमानपत्रात ‘जामीन मंजूर’ असे छापून आले की आपल्याला वाटते, माणूस घरी गेला. आपल्या ओळखीचा माणूस जातोही. पण जामीन मंजूर होणे आणि जामीन भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये एखाद्या गरिबाचे वर्षही मावते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा आला. म्हणजे तो आला नाही, मीच त्याच्याकडे गेलो, तो आत होता. मराठवाड्यातला, पंचविशीचा, लग्नसराईत मांडव घालणाऱ्या एका कंत्राटदाराकडे रोजावर काम करणारा. एका कार्यालयातून तांब्याची केबल आणि दोन मोठे दिवे नाहीसे झाले. कंत्राटदाराने संशय घेतला, पोलिसांनी मांडवावरचे दोन मजूर उचलले. याच्याजवळ काही सापडले नव्हते. दुसऱ्याने याचे नाव सांगितले, एवढाच पुरावा. पंधरा हजारांचा जामीन आणि एक स्थानिक जामीनदार, असा हुकूम तिसऱ्या दिवशी झालाही. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. समोर साठ प्रकरणांचा बोर्ड असता कोणीही तोच छापील हुकूम करतो.

आता जामीनदार म्हणजे काय? तर ज्याचे शिधापत्रक त्याच शहरातले आहे, ज्याच्या नावावर घर आहे किंवा ज्याच्याजवळ तहसील कचेरीतला ऐपतीचा दाखला आहे, आणि ज्याला आरोपीबद्दल इतका विश्वास आहे की त्याच्यासाठी तो आपली मालमत्ता बांधून ठेवील, असा गृहस्थ. मांडवाच्या बांबूंशेजारी ताडपत्रीखाली झोपणाऱ्या मजुराच्या ओळखीत असा गृहस्थ कोण असणार? ओळखीचा घरमालक होता तो एकच, तो कंत्राटदार, आणि फिर्यादीही तोच!

पोराचा थोरला भाऊ रात्रभर एसटीने प्रवास करून आला. पिशवीत सातबाराचा उतारा, दीड एकर कोरडवाहू. मी अर्ज केला. उत्तर आले की जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली, जामीनदार स्थानिक हवा. भाऊ परत गेला. पुन्हा आला तेव्हा कोर्टाबाहेरच्या झाडाखाली त्याला एक माणूस भेटला. अशी माणसे बहुतेक कोर्टांबाहेर असतात; तेच शिधापत्रक आणि तीच घरपट्टीची पावती दाखवून ती आज याला, उद्या त्याला जामीन राहतात. भाव तीन हजार रुपये. भावाच्या खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे सोडून चारशे होते. म्हणजे कायदा ज्या जामीनदारावर विश्वास ठेवायला तयार होता तो भाड्याचा होता, आणि सख्खा भाऊ मात्र चालत नव्हता.

जामिनाची रक्कम कमी करावी म्हणून मी दोनदा अर्ज केले. एक फेटाळला गेला, दुसऱ्यावर तारखा पडत राहिल्या. खटल्याच्या तारखांना कधी पोलीस गार्ड नाही म्हणून आरोपी आणला गेला नाही, कधी कंत्राटदार साक्षीला आला नाही, एकदा पडद्यावरून हजर करायचे तर तुरुंगातली लाइन लागेना. असे सात महिने गेले.

सातव्या महिन्यात भेटीच्या खिडकीशी तो म्हणाला, “वकीलसाहेब, मी कबूल करतो.”

मी म्हटले, “काय कबूल करतोस? चोरी केलीस का तू?”

“न्हाई. पण आमच्या बराकीतल्या एकानं कबूल केलं, तो त्याच सांजला घरी गेला. मी न्हाई म्हणतोय, तर हितंच हाय.”

त्याचा हिशेब बिनचूक होता, हीच या गोष्टीतली भयंकर बाब! असल्या किरकोळ खटल्यात गुन्हा कबूल केला तर न्यायालय बहुधा ‘भोगली तेवढी शिक्षा पुरे’ म्हणते आणि कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वळते होतात. लढायचे तर मात्र आतच राहायचे. मी त्याला परोपरीने समजावले की कबुली जन्मभर कपाळाला चिकटेल, पुढे कुठे चोरी झाली की पोलीस आधी तुझ्या दारात येतील. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, “पण आज सुटंन ना?” पुढच्या तारखेला त्याने कबुली दिली. त्या संध्याकाळी तो सुटला. चोरी कोणी केली होती हे अखेरपर्यंत कोणालाच कळले नाही, आणि कागदोपत्री आता ते शोधण्याचे कारणही उरले नाही.

आणखी एक विपर्यास सांगण्यासारखा आहे. पक्क्या कैद्याला तुरुंगात काम मिळते, त्याची थोडीफार मजुरी मिळते, चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळते, नियमाप्रमाणे पॅरोल आणि फर्लोवर घरी जाता येते. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नाही, कारण तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष! म्हणून बहुधा कामही नाही आणि मजुरीही नाही. सूट कशात द्यायची, शिक्षाच झालेली नाही. पॅरोल तर नाहीच. निर्दोषपणाचा असा मान आपल्या देशात राखला जातो.

हे सगळे कोणाला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. मी सांगितलेल्या गोष्टीची थोरली बहीण शोभेल अशी गोष्ट सर्वोच्च न्यायालयात १९७८ सालीच येऊन गेली आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला जामीन मिळाला, पण खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. आणि त्याचा भाऊ जामीन राहायला तयार असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकाराचा खरपूस समाचार घेतला. आपल्याच देशातल्या नागरिकाला दुसऱ्या जिल्ह्यात परका कसे ठरवता, असा त्यांचा रोख होता. त्यांनी मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून द्यायचे की मी तारखेला येईन, न आल्यास इतके रुपये भरीन. जामीनदाराची गरज नाही. हा निकाल आमच्या बाररूमच्या कपाटात पहिल्यापासून आहे. पुठ्ठ्यावर धूळही फारशी नाही, कारण जामिनाच्या अर्जात सगळेच वकील तो लिहितात. हुकूम मात्र ‘एक स्थानिक जामीनदार’ असाच टाइप होऊन येतो.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९७९ मध्ये, त्याहून मोठा गहजब झाला आणि त्याचे मूळ आपल्या नागपुराशेजारच्या कामठीत जन्मलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याकडे जाते. के. एफ. रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारातले तुरुंग पाहिले आणि जे दिसले ते जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी शिक्षा होऊ शकली असती, त्याहून अधिक काळ माणसे नुसती खटल्याची वाट पाहत आत होती. तो मजकूर वाचून दिल्लीच्या वकील कपिला हिंगोरानी यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. कैद्यांपैकी एकीच्या नावावरून तो खटला ‘हुसैनारा खातून’ म्हणून प्रसिद्ध झाला. खटला लवकर चालणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात ठरवले. त्या एका याचिकेच्या ओघात हजारो कैदी सुटले. पोलीस खात्यात उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्याच बिहारातला रुदल शहा मात्र या सुटलेल्यांत नव्हता. त्याला न्यायालयाने १९६८ च्या जूनमध्ये निर्दोष सोडले होते, आणि मुजफ्फरपूरच्या तुरुंगातून तो प्रत्यक्ष बाहेर आला १९८२ च्या ऑक्टोबरात. चौदा वर्षे! त्याबद्दल सरकारने त्याला भरपाई दिली पस्तीस हजार रुपये.

चौदा वर्षांचे उदाहरण टोकाचे झाले, हे मान्य. पण हुकूम आणि दरवाजा यांतले अंतर आपल्याकडे अजूनही कागद हाताने नेऊन तोडायचे असते. २०२१ च्या ऑक्टोबरात एका विख्यात सिनेनटाच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा टीव्हीवर सगळ्या देशाने आर्थर रोड तुरुंगाबाहेरची एक पेटी पाहिली असेल. जामिनाचे हुकूम त्या पेटीत टाकायचे आणि ठरलेल्या वेळी ती उघडायची, अशी वहिवाट. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आत कागद पोहोचला नाही, म्हणून त्या मुलाला आणखी एक रात्र आत काढावी लागली. वकिलांची फौज दिमतीला असता त्याची एक रात्र गेली. मग ज्याचा कागद नेणारा कोणीच नाही त्याच्या किती रात्री जात असतील, हा प्रश्न त्या दिवशी कोणा वार्ताहराने विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले हुकूम विजेच्या वेगाने थेट तुरुंगात पोहोचवण्याची व्यवस्था सुरू केली. ३१ जानेवारी २०२३ रोजी तर त्याने सगळ्या देशासाठी नेमके आदेश दिले. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यामार्फत कैद्याच्या हाती पडावी. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने स्वतः होऊन अटी सैल करता येतात का ते पाहावे. आणि स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. मोतीरामनंतर चव्वेचाळीस वर्षांनी!

आता दिवाणखान्यातला ठरलेला आक्षेप. “अहो, जामीनदाराशिवाय सोडले तर ही माणसे पळून नाही का जाणार?” हा आक्षेप माझ्या सौभाग्यवतींचाही आहे, तेव्हा तो हसण्यावारी नेणे मला परवडणारे नाही. याचे उत्तर न्यूयॉर्ककरांनी १९६१ साली प्रयोग करून शोधले. आरोपी किती वर्षे एका पत्त्यावर राहतो, कामधंदा काय, घरी कोण कोण आहे, एवढी चौकशी कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून करवायची आणि ज्याची मुळे घट्ट दिसतील त्याला नुसत्या शब्दावर सोडावे अशी शिफारस न्यायाधीशाला करायची. १९६४ च्या एप्रिलपर्यंत असे २,१९५ जण सोडले गेले. तारखेला न आलेले किती? पंधरा! हे आकडे मी परदेशी पुस्तकातून शोधून काढलेले नाहीत. मोतीरामच्या निकालपत्रातच ते दिलेले आहेत. माणूस तारखेला येतो तो पैशाच्या धाकाने नव्हे. घर, बायको, म्हातारी आई आणि रोजगार सोडून जायचे कुठे, म्हणून येतो.

अर्थात आपल्याकडे असाही एक वर्ग आहे की ज्याच्या बाबतीत ‘किती वर्षे एका पत्त्यावर?’ हा प्रश्नच क्रूर ठरतो. पारधी आणि इतर भटक्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला. संशय गेला नाही. चोरी झाली की पहिली धाड पालावर. आणि पालाला घरपट्टीची पावती नसते, म्हणून जामीनदारही नसतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून अशाच निराधार कैद्यांत काम करतो आहे. त्याचे समाजकार्यकर्ते कैद्याच्या घरचा शोध घेतात, कागद जमवतात, जातमुचलक्यासाठी अर्ज करायला मदत करतात. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांचेच काम, पण दुप्पट अवघड.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४७९ वे कलम आहे. फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे सोडून, कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेचा निम्मा काळ आत काढला असेल तर त्याला जामीन द्यावा. आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळातच सोडावे. असा अर्ज करणे हे तुरुंगाच्या अधीक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे, हे त्यातले मला सर्वांत आवडलेले वाक्य. निम्म्या शिक्षेची तरतूद २००६ पासून होतीच, पण अर्ज कोणी करायचा यावरच घोडे अडत असे. जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. मात्र त्यात एक मेख आहे. एकाहून अधिक खटले असले तर ही सवलत नाही. आणि पोलीस ज्याला वरचेवर उचलतात त्याच्या नावावर एकच खटला असणे दुर्मीळ! शिवाय माझ्या मांडववाल्या पोराला याचा सुतराम उपयोग झाला नसता. चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे, तिचा तिसरा हिस्सा एक वर्ष. तो तर सात महिन्यांतच हरला.

त्याला उपयोगी पडली असती ती २०२३ सालची गरीब कैद्यांची योजना. पैशांअभावी अडलेल्या कच्च्या कैद्यासाठी चाळीस हजारांपर्यंतची जामिनाची रक्कम आणि पक्क्या कैद्यासाठी पंचवीस हजारांपर्यंतचा दंड सरकारने भरावा, असे त्या वर्षी ठरले. योजना चांगली आहे. पण अर्ज, समिती, मंजुरी या वाटेने पैसे येईपर्यंत दिवस मोजत बसायचे ते आतल्यानेच. ज्याला बिनपैशाच्या जातमुचलक्यावर सोडता आले असते त्याच्यासाठी सरकारने आपल्याच न्यायालयात पैसे भरायचे, हा द्राविडी प्राणायाम मला तरी समजलेला नाही.

मुळात प्रत्येक दोषी माणसाला तरी तुरुंगातच घातले पाहिजे का? १९५८ पासून आपल्याकडे परिवीक्षेचा कायदा आहे, पहिल्या किरकोळ गुन्ह्याला देखरेखीखाली सोडून देणारा. नव्या न्याय संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आली आहे. आणि खुल्या तुरुंगाचे म्हणाल, तर त्या बाबतीत महाराष्ट्राने कोणाकडून शिकावे असे नाही. औंधच्या राजेसाहेबांनी, त्यांचे पुत्र अप्पा पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने, १९३९ साली आटपाडीच्या माळावर भिंती नसलेली कैद्यांची वसाहत काढली, ‘स्वतंत्रपूर’. दरोडे आणि खून यांसाठी शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करू लागली. आटपाडीजवळच्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा रचली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तो चित्रपट पाहून रडली नाही अशी मराठी माणसांची पिढी नसेल. पडद्यावरच्या सहा खुन्यांवर आपण अडीच तास विश्वास ठेवतो.

आणि मनात आणले तर दारे उघडतात, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. २०२० चा करोना आठवा. आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४; त्या मे महिन्यात तिथे अडीच हजारांहून अधिक माणसे होती, आणि बघता बघता शंभरावर कैदी आणि कर्मचारी आजारी पडले. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चलाच प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला लावली होती. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातले कैदी तात्पुरते सोडा म्हटल्यावर महाराष्ट्रातूनही हजारो जण सोडले गेले. त्या वेळी जामीनदार, दाखले, स्थानिक पत्ता यांचा घोळ बराच आवरता आला. साथ ओसरली आणि तुरुंग पुन्हा भरले.

आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांचा एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ‘कोणाला जामीन राहू नये.’ माझे वडील शाळामास्तर होते, तेही हेच सांगत. उसनवारीच्या व्यवहारात तो सल्ला खरा आहे. परंतु फौजदारी जामिनाची गोष्ट थोडी निराळी आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात आरोपीच्या गुन्ह्याची जबाबदारी जामीनदारावर येत नाही. आरोपीने तारखेला हजर राहावे एवढीच हमी त्याने घ्यायची असते, आणि ती नको वाटली तर पुढे न्यायालयाला अर्ज करून त्यातून मोकळेही होता येते. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा, सोसायटीचा रखवालदार, इस्त्रीवाला यांपैकी कोणी अडकला तर बाई रडत तुमच्याच दाराशी येतात, कारण त्यांच्या ओळखीतले घरपट्टीची पावती असलेले माणूस बहुधा तुम्हीच असता.

सही करायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; मी कोणाला गळ घालीत नाही. पण सही केली नाहीत तरी दोन गोष्टी त्या बाईंना सांगता येतात. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालतो. आणि जामिनाचा हुकूम होऊन महिना उलटला असेल तर वकिलाला ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाची आठवण करून देऊन जातमुचलक्याचा अर्ज करायला सांगावे. तारीख नीट लिहून द्यावी. बाई ती पदराच्या गाठीत बांधून नेतात, असा माझा अनुभव आहे.